कंबरदुखी आणि झोप



आजचा विषय मोठा विद्वत्तेचा नाही, तुमच्या-माझ्या घरातला आहे. दिवसभर कंबर दुखते म्हणून रात्री लवकर पाठ टेकावी, तर झोप येत नाही; आणि झोप झाली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी कंबर आणखी ठणकते. असे महिनोन् महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालते. वाकून भातलावणी करणाऱ्या बाया, उसाच्या मोळ्या वाहणारे तोडणी कामगार, एस.टी.चे चालक, दिवसभर फळ्यापुढे उभे राहून रात्री वह्या तपासत बसणारे शिक्षक, या सर्वांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. तेव्हा या बाबतीत आपण एकटे नाही, एवढे समाधान मानायला हरकत नाही!

मी डॉक्टर नव्हे. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. मग हा प्राध्यापक कंबरेवर का बोलतो, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे की, जुन्या निद्रानाशावर आज जो उपाय सर्वांत आधी करावा असे वैद्यकशास्त्र सांगते, तो गोळीचा नसून सवयी बदलण्याचा आहे, आणि तो मानसशास्त्राच्या अभ्यासातून निघालेला आहे. दुसरे कारण जरा घरगुती आहे, ते सांगतो.

वाशीजवळ तुर्भ्याला शेतमालाचा मोठा घाऊक बाजार आहे. मुंबईच्या गर्दीत हा बाजार मावेना, तेव्हा १९८० आणि १९९० च्या दशकांत तो टप्प्याटप्प्याने इकडे हलवला. बाजाराबरोबर माथाडी कामगारही आले. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. यातले कितीतरी जण सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांच्या डोंगरी गावांतले. अण्णासाहेब पाटलांनी या कष्टकऱ्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची, औषधपाण्याची सोय लागली. पण कायद्याने मणका काही बदलत नाही. पूर्वी शंभर किलोचे पोते पाठीवर घ्यावे लागे, आता पन्नास किलोची गोणी आली, तरी ती दिवसाकाठी किती वेळा उचलायची याला काही धरबंध नाही. एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोंहून अधिक ओझे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच केलेली आहे.

असेच एक माथाडी कामगार आमच्या इमारतीत राहतात. वय बावन्न. कांदा-बटाट्याच्या बाजारात त्यांची टोळी आहे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. एके दिवशी ती तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, बाबा रात्र-रात्र जागे असतात. काल ट्रकवरून गोणी घेताना त्यांना झापड आली आणि तोल गेला. मुकादमांनी धरलं म्हणून बरं." पुढे खालच्या आवाजात म्हणाली, "ते काम सोडून गावाला जायचं म्हणताहेत. आणि माझं शेवटचं वर्ष आहे."

मी संध्याकाळी मामांकडे गेलो. मामींनी चहा ठेवला. मामा तीन वर्षे कंबरेने बेजार होते. डॉक्टरांनी तपासले होते, चित्रे काढली होती. मणक्याची झीज आहे पण शस्त्रक्रियेचे कारण नाही, असे सांगितले होते. मी विचारले, "मामा, झोपता किती वाजता?" ते म्हणाले, "नऊलाच आडवा होतो सर. कंबरेला इसावा नको का? सकाळी साडेसहापर्यंत पडून असतो." "आणि त्यात झोप किती लागते?" मामा हसले. "झोप कसली! बारापर्यंत छताकडं बघायचं, मग जरा डोळा लागतो, तीनला पुन्हा जाग. सगळी मिळून पाच तास झाली तर झाली." दुपारी कामावरून आल्यावर पुन्हा दोन तास पडणे होतेच. शेजारच्याने दिलेली झोपेची गोळी अधूनमधून चालू होती. आणि मामींनी डोळ्यांनी खुणावले त्यावरून समजले की, झोपेच्या नावाखाली बाटलीही घरात आली होती.

श्रोतेहो, आज मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका हिशेबात आहे. साडेनऊ तास अंथरुणात, आणि झोप पाच तास! उरलेले साडेचार तास मामा काय करत होते? कूस बदलत होते, घड्याळ पाहत होते, उद्या गोणी उचलेल का, मुलीच्या फीचे काय, याची काळजी करत होते. आपण समजतो की झोपमोड ही कंबरदुखीची शेपटी आहे. कंबर बरी झाली की झोप आपोआप येईल. पुष्कळदा तसे होत नाही. सुरुवात दुखण्याने होते खरी, पण काही महिन्यांनी निद्रानाश हा स्वतंत्र आजार होऊन बसतो. आठवड्यातून निदान तीन रात्री, आणि असे तीन महिने चालले, तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. त्याच्यावर वेगळा इलाज करावा लागतो.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाची कारणे तीन प्रकारची मानली. ती आपण जमीन, बी आणि पाणी अशी समजू. काहींचा स्वभावच काळजी करणारा, झोप सावध. ही झाली जमीन. कंबर धरली, हे पडले बी. पण नुसत्या बियाने तण वाढत नाही, त्याला पाणी लागते. ते पाणी आपण घालतो. लवकर आडवे होणे, सकाळी उशिरापर्यंत लोळणे, दुपारी डुलकी काढणे, रात्री घड्याळ पाहणे, ही सगळी पाण्याची पाटे. जमीन बदलता येत नाही, बी काढणे नेहमीच आपल्या हाती नसते. पण पाणी तोडणे तर हातात आहे ना?

दुसरी बाजूही लक्षात घ्या. झोप न झाल्याने दुखणे वाढते, ही नुसती समजूत नाही. ज्यांना झोपू दिले नाही अशा धडधाकट माणसांनाही दुसऱ्या दिवशी तीच टोचणी अधिक लागते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात असे आढळले की, आजच्या दुखण्यावरून उद्याची झोप जितकी सांगता येते, त्याहून बिघडलेल्या झोपेवरून पुढचे दुखणे अधिक खात्रीने सांगता येते. म्हणजे चक्र दोन्हीकडून फिरते, आणि ते झोपेच्या बाजूने अडवणे अधिक सोपे आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. मुलाच्या जुन्या वहीचे एक पान घ्या आणि रोज सकाळी चार गोष्टी लिहा : अंथरुणावर केव्हा पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, रात्री किती वेळ जागा होतो, आणि सकाळी केव्हा उठलो. घड्याळ पाहून नव्हे, अंदाजाने. असे दोन आठवडे लिहा. मामांची वही त्यांच्या मुलीने लिहिली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या शाळकरी मुलाने किंवा गावच्या गुरुजींनी हे काम करावे. हिशेब मोठा नाही, पण त्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही.

पुढचे पाऊल म्हणजे, जेवढी झोप लागते जवळजवळ तेवढाच वेळ अंथरुणात काढायचा. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण ऐकलेली आहे. इथे मात्र झोप पाहून अंथरूण पसरायचे. हा उपाय स्पीलमननेच १९८७ साली मांडला. झोप पाच तासांची असेल तर अंथरुणाला साडेपाच तास द्यावेत, पाचांच्या खाली कधीही जाऊ नये. मामा जड कामाचे, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी सहा तास ठरवून दिले. रात्री साडेअकराला झोपायचे आणि सकाळी साडेपाचला उठायचे, मग रात्र कशीही गेलेली असो. पहिला आठवडा फार जड गेला. मामा म्हणाले, "सर, दुखणं राहिलं बाजूला, हे तुमचं औषधच आवघड!" टोळीतल्या लोकांनी त्या दिवसांत त्यांना थप्पीच्या उंच कामावर चढवले नाही, खालचे काम दिले, हे फार चांगले केले. आठवड्याअखेर वही पाहिली, तर सहा तासांत सव्वापाच तास झोप लागू लागली होती. शंभरातले पंच्याऐंशी भाग झोपेत जाऊ लागले की, अंथरुणाचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायचा. मग पुन्हा एक आठवडा पाहायचे, पुन्हा पंधरा मिनिटे. घाई करायची नाही.

याच्या जोडीला आणखी एक नियम आहे. तो रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितला. अंथरूण झोपेसाठी आहे, जागण्यासाठी नाही. पडल्यावर सुमारे वीस मिनिटांत डोळा लागला नाही असे वाटले, की उठावे आणि डोळे जड झाले म्हणजेच परत यावे. पुन्हा झोप नाही आली तर पुन्हा उठावे. तुम्ही म्हणाल, "एका खोलीत सहा माणसे झोपतात, उठून जायचे कुठे?" खरे आहे. मामा दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसत. खेड्यात ओटा आहे, पडवी आहे. तिथे मंद उजेडात स्वस्थ बसावे, जपमाळ ओढावी, वाती वळाव्यात, शेंगा सोलाव्यात. मोबाइल मात्र हातात घेऊ नये. कंबर दुखत असताना उठणे जिवावर येते, त्याचीही रीत आहे. आधी कुशीवर वळावे, गुडघे पोटाशी घ्यावे, कोपराचा आधार घेऊन बसते व्हावे आणि मग उठावे. उताणे असताना झटक्याने उठू नये.

या दोन नियमांना विचारांची दिशा बदलण्याची आणि शरीर सैल सोडण्याची जोड दिली की, पूर्ण उपचार होतो. अमेरिकेतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने २०१६ साली, प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार हाच करावा, असे स्पष्ट सांगितले. दुखणे असणाऱ्यांनाही तो लागू पडतो काय? कॅनडातील संशोधकांनी जुन्या वेदनेने त्रस्त अशा ६० लोकांवर हा उपचार करून पाहिला आणि २०००मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोकांना लवकर झोप लागू लागली, रात्रीचे जागरण कमी झाले, आणि तीन महिन्यांनंतरही तो फायदा टिकला. कबूल करायला हवे की, झोप जितकी सुधारते तितकी वेदना प्रत्येकाची कमी होतेच असे नाही. पण तीच वेदना झेपू लागते, हेही थोडके नाही.

विचारांचे म्हणाल तर, रात्री दोन वाजता माणसाला आपले दुखणे दुप्पट दिसते. "आता मी अपंग होणार," "उद्या उभाच राहणार नाही," असे मन म्हणते. तसे किती उद्या आले आणि गेले, याची आठवण मनाला द्यावी. शक्यतो संध्याकाळी दिवेलागणीलाच दहा मिनिटे काढून उद्याची कामे व काळज्या कागदावर मांडाव्यात, म्हणजे त्या अंथरुणात शिरत नाहीत.

आता कंबरेकडे वळू. पडून राहिल्याने कंबर बरी होते, ही समजूत सोडून द्या. १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या २०३ रोग्यांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे जवळजवळ निम्मे झाले आणि बाकी कशात ते मागे पडले नाहीत! चालणे हे साधे आणि फुकटचे औषध आहे. ऑस्ट्रेलियात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांना दोन गटांत विभागले. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचा नेम धरलेल्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी उलटले, तर तसे न करणाऱ्यांचे ११२ दिवसांनी. "आम्ही रानात चालतोच की," असे कोणी म्हणेल. पण डोक्यावर भारा घेऊन चालणे वेगळे आणि रिकाम्या हातांनी, सरळ कंबरेने चालणे वेगळे.

"कंबर दुखते तर फळीवर झोप" असे आपल्याकडे सांगतात. स्पेनमध्ये ३१३ लोकांवर केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात फार टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. तेव्हा झोळ पडलेली बाज नको, तशीच उघडी फरशीही नको. बऱ्यापैकी भरलेली कापसाची गादी पुरे. कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी आणि उताणे झोपताना गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी घेऊन पाहावी, पुष्कळांना बरे वाटते.

चहा दुपारनंतर नको. तंबाखू, मिश्रीनेही झोप उडते. रात्री मिश्री लावून झोपणाऱ्या आयाबहिणींनी एवढे ऐकावे. दारूने डोळा लवकर मिटतो, पण मध्यरात्री तीच झोप मोडते. गोळ्यांविषयी अधिक सावध राहा. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या पुष्कळ गोळ्या २०१४ पासून अशा यादीत आहेत की, त्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. शेजाऱ्याच्या डबीतली गोळी आपली नव्हे. दारू आणि झोपेची गोळी एकत्र तर कधीच नको, त्याने श्वास मंदावतो. मात्र गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम टाकूही नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्याने पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते, हेही ध्यानात ठेवा.

भाजीपाल्याच्या बाजारात गाड्या रात्री येतात, त्यामुळे तिथल्या लोकांची रात्र म्हणजेच दिवस. साखर कारखान्यातले रातपाळीचे लोकही तसेच. त्यांनी दिवसाची का होईना, पण झोपेची वेळ एकच ठेवावी, खिडकीला जाड चादर लावावी, आणि घरच्यांनी तेवढे तास त्यांना हाक मारू नये. रात्री कामाला जाण्यापूर्वीची छोटी डुलकी त्यांना चालते.

काही दुखणी मात्र या उपायांची नाहीत. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली, तर एक दिवसही थांबू नका, रुग्णालय गाठा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री आडवे पडूनही न थांबणारी कळ असेल तर मणक्याचा क्षय किंवा दुसरा मोठा रोग असू शकतो. तरुण मुलाची कंबर पहाटे आखडत असेल आणि हालचालीने सुटत असेल तर तो सांध्यांचा वेगळा विकार असू शकतो. घोरता-घोरता श्वास अडकत असेल तर तीही तपासण्याची गोष्ट आहे. फेफरे येणाऱ्यांनी, मनाच्या मोठ्या आजारावर औषध घेणाऱ्यांनी, गरोदर बायांनी आणि वाहन चालवणाऱ्यांनी झोपेचे तास कमी करण्याचा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि रात्रीच्या जागरणात जीव नकोसा वाटू लागला, तर लाजू नका. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सरकारची विनामूल्य मदत आहे, मराठीतही बोलता येते.

शिक्षक मित्रांना एक विनंती. तुमच्या शब्दाला गावात मान आहे. या पुस्तिकेतले हे पान एखाद्या संध्याकाळी चावडीवर किंवा पालकसभेत वाचून दाखवा, आणि एका तरी घराची पंधरा दिवसांची वही लिहून द्या.

मामांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. नऊ-दहा आठवड्यांनी ते साडेसहा तास झोपू लागले. बाटली गेली, गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुटली. गावाला कायमचे जाण्याची गोष्ट मुलीची परीक्षा होईपर्यंत तरी मागे पडली. मध्यंतरी बाजारातून येताना भेटले, तेव्हा मी विचारले, "काय मामा, कंबर कशी आहे?" ते म्हणाले, "दुखते की सर. गोणी उचलायची म्हटल्यावर दुखणारच. पण आता ती दिवसाचीच दुखते, रातीची नाही."

कष्टकऱ्याच्या कंबरेवरचे ओझे हलके करणे हे समाजाचे काम आहे आणि ते अजून पुरे झालेले नाही. पण त्या कंबरेला रात्रीची झोप परत मिळवून देणे आपल्या हाती आहे. आज रात्रीपासून वहीचे पहिले पान सुरू करा.